पुल्लिंगी संबोधन

विमा कंपनीने धाकटीच्या ऑपरेशनला नकार दिला तो ‘रे’ या एका अक्षरापायी. कंपनी असं सरळ लिहीत नाही. सरळ लिहिलं तर लोकांना कळेल. कंपनीने लिहिलं, ‘कौटुंबिक मुलाखतीत अर्जदारास पुल्लिंगी संबोधन आढळून आल्याने सामाजिक स्थित्यंतर अपूर्ण मानण्यात येत आहे.’ धाकटीने ते वाक्य लॅबच्या जिन्यात उभं राहून वाचलं. आत जाऊन पुन्हा वाचलं. मग कागद खणात टाकला आणि कुणाच्या तरी कवळीचा साचा हातात घेऊन ती कामाला लागली, कारण त्या गृहस्थांना संध्याकाळी जेवायचं होतं.

धाकटी दात बनवायची. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, साचा सुटा करायचा, त्यावर मेणाने दात उभे करायचे, घासायचे, पुन्हा उभे करायचे. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात किचकट काम रंगाचं, आणि ते लॅबमध्ये तिच्याशिवाय कुणाकडे जात नसे. माणसाचा दात कधीच पांढरा नसतो. तो पांढरा आहे असं फक्त त्याच्या मालकाला वाटत असतं. शेजारच्या दाताशी जुळेल असा पिवळटपणा, करडेपणा, थोडासा निळसरपणा बरोब्बर आणायचा, आणि वर गिऱ्हाइकाला सांगायचं की हा पांढराच आहे. तिचं डोकं या कामात शांत असायचं.

विम्याची गोष्ट काढली ती लॅबच्या मालकीणबाईंनी. नव्या पॉलिसीची कलमं वाचत असताना त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि तिला हाक मारली. ‘‘हे बघ, लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेचा खर्चही बसतो म्हणतायत. हप्ता मी सगळ्यांचाच भरते. तुझं बसत असेल तर बसवून टाक.’’ बाईंचा स्वभाव असा की एखाद्या वस्तूवर दुसरी फुकट मिळत असेल तर ती सोडायची नाही. धाकटीच्या पगारात ते ऑपरेशन या जन्मी बसणारं नव्हतं. तिने अर्ज केला.

घरात दोन बहिणी, थोरली आणि धाकटी. थोरली पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. धाकटी आधी धाकटा होती. नावातला काना गेला आणि वेलांटी आली, एवढंच झालं असं ती लोकांना हसून सांगायची. पण त्या वेलांटीसाठी तिने किती उंबरे झिजवले ते तिचं तिलाच माहीत. नाव बदललं, ओळखपत्र बदललं, औषधं सुरू झाली. वडील तोवर गेले होते. आई होती.

आईने विरोध केला नाही आणि टाळ्याही वाजवल्या नाहीत. ती शिकायला लागली. सुरुवातीला तिचं प्रत्येक वाक्य मध्येच ठेचाळायचं. ‘‘तू कधी आला… आली… दार कुणी उघडलं?’’ असं काहीतरी बोलून ती वाक्याची सुटका करून घ्यायची. मग हळूहळू जमलं. ‘‘अगं बस. अगं जेवून घे. अगं उद्या लवकर जायचंय का तुला?’’ अगदी स्वच्छ, एकही चूक नाही. पाहुण्यांना काचेच्या भांड्यातून वाढावं तसं ती जपून बोलायची. धाकटीला एवढं पुरे होतं. निदान ती स्वतःला तसं सांगायची.

कंपनीच्या अटी रीतसर होत्या. दोन मानसोपचारतज्ज्ञांची पत्रं, तपासण्या, आणि अर्जदार घरी, कामावर, बाहेर सगळीकडे बाई म्हणून राहते याची खातरजमा. ही शेवटची अट पुरी करायला कंपनीचा माणूस फोन करतो आणि बोलणं रेकॉर्ड होतं. मालकीणबाईंची मुलाखत झाली. त्यांनी म्हणे कंपनीच्याच माणसाला दात दाखवायला लॅबमध्ये बोलावलं. मग आईची झाली.

आई चांगली बोलली. कंपनीने नकाराबरोबर त्या मुलाखतीचा टाइप केलेला उतारा जोडला होता, त्यात दिसत होतं. माझी मुलगी अशी, माझी मुलगी तशी, तिचं काम, तिची पथ्यं. आणि मग मध्येच, धाकटी कामावरून घरी आली तेव्हा, फोन तसाच कानाला ठेवून आई म्हणाली होती: ‘आलास का रे (अस्पष्ट)? दमलास?’ त्याखाली कुणीतरी लाल रेघ मारली होती.

कंपनीपेक्षा त्या रेघेचा राग धाकटीला जास्त आला, आणि रेघेपेक्षाही त्यावरच्या शब्दांचा. कारण नकाराचं काय, नकार माणसं देतातच. पण हे म्हणजे आई बेसावध असताना खरं बोलली होती. वर्षभर ‘अगं अगं’ चाललं होतं ते तोंडदेखलं, आणि आत अजून तो मुलगाच घरात वावरत होता, दमून येत होता, आई त्याची वाट बघत होती. धाकटीने तो उतारा पुन्हा वाचायचा नाही असं ठरवलं आणि रोज वाचला.

फेरविचाराचा अर्ज एकदाच करता येत होता. त्यातून मालकीणबाईंनी आणखी एक बातमी आणली होती, की पुढच्या वर्षीच्या पॉलिसीतून ते कलमच काढून टाकलंय. म्हणजे आत्ता झालं तर झालं. धाकटीने अर्जात लिहिलं, ‘सदर उद्गार आईच्या जुन्या सवयीमुळे चुकून निघालेला आहे.’ सुनावणीला आईला घेऊन या, असं उत्तर आलं.

‘‘आई, आपल्याला कंपनीत जायचंय,’’ ती घरी येऊन म्हणाली. ‘‘तू फोनवर मला रे म्हणालीस. त्याच्यावर अडलंय सगळं.’’

आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. ‘‘मी? कधी गं?’’

‘‘मी घरी आले तेव्हा. आलास म्हणालीस, दमलास म्हणालीस.’’

‘‘अगं बाई. आणखी काय म्हणाले?’’

‘‘आणखी काय म्हणायला हवं होतंस?’’

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ‘‘तोंडातून गेलं असेल गं. मला खरंच आठवत नाही. माझ्यामुळे तुझं ऑपरेशन…’’

‘‘तिथे एवढंच सांगायचं. चूक झाली, जुनी सवय, पुन्हा होणार नाही. बाकी एक अक्षर बोलायचं नाही. थोरलीचं कौतुक नाही, बाबांच्या गोष्टी नाहीत. येईल एवढं?’’

‘‘येईल,’’ आई म्हणाली. सुनावणीचा दिवस उजाडेपर्यंत ती घरात फार बोलली नाही. काही विचारायचं असेल तर आधी मनात जुळवून घेतेय हे दिसायचं. धाकटीला ते दिसलं, वाईटही वाटलं. पण ती गप्प राहिली, कारण तिला अजून रागावायचं होतं.

कंपनीच्या खोलीत सगळ्या खुर्च्या चाकांच्या होत्या. आई जरा पुढे झुकली की खुर्ची मागे पळायची, म्हणून ती दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसली. समोर आक्षेप विभागाचे साहेब, त्यांच्या बाजूला कंपनीच्या सल्लागार डॉक्टरीणबाई आणि कडेला टाइप करणाऱ्या बाई. मध्ये रेकॉर्डिंगचं यंत्र, त्याचा लाल दिवा लागलेला. साहेब वाईट नव्हते. फक्त त्यांची सगळी वाक्यं अशी होती की त्यात कुणीच काही करत नसे. सगळं आपलं आपण होत असे. नोंद घेण्यात येईल. विचार करण्यात येईल. घरीही ते ‘भूक लागण्यात आलेली आहे’ असं सांगत असावेत.

‘‘आपल्याला मुलाखतीतला तो भाग ऐकवण्यात येईल,’’ ते आईला म्हणाले, ‘‘आणि मग आपलं म्हणणं नोंदवण्यात येईल.’’

टाइप करणाऱ्या बाईंनी बटण दाबलं. स्वयंपाकघर ऐकू आलं. नळ, भांडं, आईचा फोनवरचा ठेवणीतला आवाज: ‘हो, माझी मुलगी अगदी वेळच्या वेळी गोळ्या घेते.’ मग दाराची कडी. मग आईचाच आवाज, पण ठेवणीतला नव्हे, पदर सैल सोडल्यासारखा: ‘आलास का रे…’ आणि पुढे काहीतरी पुसट, मग ‘दमलास?’

‘‘हे आपणच बोललात?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘हो. चूक झाली. जुनी…’’ आई पाठ केलेलं म्हणायला लागली आणि थांबली. ‘‘मध्ये काय आहे ते? परत लावा बरं. मोठ्याने लावा.’’

धाकटीने टेबलाखालून आईचा पाय दाबायला पाय पुढे केला. बाईंनी आवाज वाढवला. या वेळी नळाच्या धारेतूनही ते स्वच्छ ऐकू आलं: ‘आलास का रे राजा? दमलास?’

‘‘हात्तिच्या!’’ आई म्हणाली. ‘‘ही चूक नाही हो.’’

धाकटीचा पाय आईच्या चपलेपाशी जाऊन तिथेच राहिला. तिनेही ऐकलं होतं.

साहेबांनी अर्ज पुढे ओढला. ‘‘अर्जात तर चूक असं नमूद करण्यात आलेलं आहे.’’

‘‘तिला काय माहीत! तिला पुरतं ऐकवलं कुठे तुम्ही? कागदावर तो शब्दच नव्हता म्हणे.’’

टाइप करणाऱ्या बाई कानापर्यंत लाल झाल्या. ‘‘उतारा मीच केलाय, सर. मला राजा ऐकू आलं होतं. पण वाटलं, चर्चा एका बाईची चाललीय, तिला कोण राजा म्हणेल? आपल्यालाच नीट ऐकू आलं नसेल. म्हणून अस्पष्ट टाकलं.’’

‘‘अहो, पण राजा काढला की नुसता रे उरतो ना!’’ आई म्हणाली. ‘‘नुसत्या रेला काय अर्थ आहे? राजा मी पोरींनाच म्हणते.’’

‘‘पोरींना राजा?’’ साहेब म्हणाले. ‘‘आणि वर रे, आलास, दमलास?’’

‘‘मग लाडात आणखी काय म्हणायचं? राणी म्हटलं की पोरी शेफारतात. थोरलीला मी जन्मल्यापासून तेच म्हणत आलेय.’’

साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, डॉक्टरीणबाईंनी छताकडे. असल्या प्रकाराला कुठलं कलम लावायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. ‘‘हे पडताळून बघण्यात यावं लागेल,’’ साहेब म्हणाले. त्यांचं व्याकरण पहिल्यांदाच कोलमडलं.

‘‘आत्ता बघा की,’’ आई म्हणाली, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिने पिशवीतून फोन काढून थोरलीला लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला.

‘‘बोल गं आई, पटकन बोल. इथे पाइप फुटलाय.’’ मागे पाण्याचा आवाज, माणसांचा गलका.

‘‘अरे राजा, जेवलास का?’’

‘‘कुठला जेवतोय! सकाळपासून चिखलात उभा आहे. ओ दादा, आधी तो व्हॉल्व्ह बंद करा, मग विडी ओढा! हं, बोल आई.’’

साहेब फोनजवळ सरकले. ‘‘बाई, मी विमा कंपनीतून बोलतोय. आपण अर्जदाराच्या…?’’

‘‘मोठी बहीण. काय झालं? आई बरी आहे ना?’’

‘‘बऱ्या आहेत. आपल्या मातोश्री आपल्याला नेहमी असं संबोधतात का?’’

‘‘असं म्हणजे कसं?’’

‘‘म्हणजे… पुल्लिंगी.’’

पलीकडे पाणी वाहत राहिलं. मग थोरली म्हणाली, ‘‘साहेब, मला दोन मुलं आहेत. बाळंतपणाचे कागद पाठवू का?’’

टाइप करणाऱ्या बाईंनी तोंडावर हात धरला. डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच सावरून बसल्या. फोन बंद झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि आईकडे नीट बघितलं. ‘‘एकच विचारते. धाकटीलाही तुम्ही लहानपणापासून राजा म्हणता?’’

प्रश्न साधा नव्हता, हे धाकटीला लगेच कळलं. आई हो म्हणाली की संपलं. लहानपणापासून म्हणजे मुलगा होता तेव्हापासून, म्हणजे शेवटी जुनी सवयच. कंपनी आपल्या जागी बरोबर आणि ऑपरेशन कायमचं बारगळलं. आईला इशारा करायची सोय नव्हती, डॉक्टरीणबाईंची नजर दोघींवर होती.

‘‘छे हो,’’ आई म्हणाली. ‘‘तेव्हा मुलगा होता ना. त्याला अरे म्हणायचे, नावाने हाक मारायचे. राजा वगैरे नाही कधी. ह्यांना चालायचं नाही. मुलग्याला लाडावून ठेवू नकोस, उद्या जगात कसा उभा राहील, असं म्हणायचे. आणि मलाही ते पटायचं, खोटं कशाला सांगू? तो आपला कोपऱ्यात बसून थोरलीचे लाड बघायचा. मग ही झाली. मग मी अगं म्हणायला लागले. पण ते शिकून शिकून हो. नवी सून घरात आल्यावर आपण तिच्याशी बोलतो ना, कुठे दुखावेल, कुठे चुकेल, तसं. वर्षभर मी माझ्याच पोरीशी सुनेसारखी बोलले.’’ तिने कड सोडली, खुर्ची मागे सरकली, तिने पुन्हा कड धरली. ‘‘त्या दिवशी ही दारातून आत आली. केस विस्कटलेले, पिशवी एका खांद्यावरून लोंबतेय, चपला एक इकडे एक तिकडे. थोरली कॉलेजातून यायची ना, हुबेहूब तशी. आणि तोंडातून निघालं. मला कळलंसुद्धा नाही. कळलं असतं तर जपून बोलले असते.’’

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थबकली होती. ‘‘सर,’’ त्या हळूच म्हणाल्या, ‘‘त्या ‘मुलगा होता’ म्हणाल्या. ते घ्यायचं का?’’

‘‘घ्या,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘होता ते होता.’’

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि ते मजकूर सांगू लागले. ‘‘लिहा. ‘अरे राजा’ हे संबोधन प्रस्तुत कुटुंबात केवळ मुलींकरिता वापरण्यात येते, असे निदर्शनास आले. सबब, सदर संबोधन स्त्रीलिंगी मानण्यात येत आहे.’’ ते थांबले. हे आपण कागदावर घालतोय यावर त्यांचाच विश्वास बसत नसावा. मग त्यांनी पुढचं भराभर सांगून टाकलं. ‘‘आक्षेप मागे घेण्यात येत आहे. शस्त्रक्रियेस मंजुरी देण्यात येत आहे. अर्जदाराने अर्जातला ‘चुकून’ हा शब्द खोडून बाजूला सही करावी.’’

त्यांनी अर्ज आणि पेन धाकटीपुढे सरकवलं. धाकटीने पेन उचललं. शब्द समोरच होता, तिच्याच अक्षरातला, पण तिला तो सापडेना. ओळी एकमेकींत मिसळत होत्या. मंजुरीचा आनंद तिला झाला होता, नाही असं नाही. पण हे रडू मंजुरीचं नव्हतं. थोरली घरी आली की आई तो शब्द उच्चारायची आणि कोपऱ्यातल्या मुलाच्या अंगावर काटा यायचा, त्या दिवसांपासूनचं ते रडू होतं. तो शब्द मागून मिळत नाही एवढं तिला त्या वयातही कळत होतं. तो तिला मिळाला होता, केव्हाच मिळाला होता, तिच्याच घराच्या दारात, आणि ती चपला भिरकावण्याच्या नादात होती. वर तिने तो चूक म्हणून लिहून दिला होता.

आईने तिच्याकडे बघितलं. ती पुढे झुकली, खुर्ची मागे पळाली, तशी ती उठूनच उभी राहिली आणि तिने तोंड उघडलं.

‘‘आई, जरा सांभाळून,’’ साहेब घाईघाईने म्हणाले. त्यांनी यंत्राच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. ‘‘रेकॉर्डिंग चालू आहे.’’

आईने तोंड मिटलं.

धाकटीने हाताच्या पाठीने नाक पुसलं. ‘‘चालू राहू दे, साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘बोल गं आई.’’